एका कानाचा हंडा

मला एकच कान आहे, म्हणून मोठ्यानं बोलतो. तुम्हाला त्रास होत असेल तर होऊ द्या. तांब्याचा हंडा आहे मी, आतून कल्हई, बाहेरून काजळी. बडोद्यात सयाजीगंजच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं लूथरन चर्च आहे, त्याच्या स्वयंपाकघरात राहतो. नवीन येणारा माणूस मला बघून म्हणतो, "हे भंगार अजून कशाला ठेवलंय?" भंगार तुझा बाप. आधी ऐकून घे, मग बोल.

माझा जन्मच मार खाऊन झाला. माणसाच्या पोराला जन्मल्यावर एक चापट मारतात, रडावं म्हणून. मला मांडवीजवळच्या कंसाऱ्यानं, म्हणजे तांबटानं, ऐरणीवर ठेवून हातोड्यानं बडवलं. तापवायचा, बडवायचा, परत तापवायचा. अंगावर हे जे खळगे दिसतात ती नक्षी नाही, घाव आहेत. शेवटी अंगाला भोकं पाडून दोन बाजूंना दोन पितळी कान ठोकले. म्हणाला, "हे जन्मात निघायचे नाहीत." कारागीर असलं काहीही बोलतात.

मला विकत घेतलं प्रतापरावानं. लग्नाचा आचारी. हात सोन्याचा, तोंड गटाराचं. मीठ कमी पडलं की हाताखालच्या माणसाला झारा फेकून मारायचा. नेम चुकला की मला लागायचा. पंगत बसवायची वेळ झाली की मलाच पळीनं बडवायचा. तो आजारी पडून सरकारी दवाखान्यात गेला, तेव्हा त्याच्या हातची जेवणं जेवलेलं कुणी तिकडं फिरकलं नाही. आमच्या चर्चच्या बाया तिथं रोज रुग्णांना डबे वाटायच्या, त्यांनी त्यालाही दिला. शिव्या खाऊन दिला. "भाजीत गवत घातलंय काय?" म्हणायचा आणि डबा पुसून खायचा. तो गेल्यावर त्याची बायको चिमणाबाई मला रिक्षात घालून चर्चमध्ये घेऊन आली. म्हणाली, "त्यांच्या शिव्या माफ करा, आणि हा हंडा ठेवून घ्या."

असा मी ख्रिस्ती मंडळीत आलो. बाप्तिस्मा वगैरे झाला नाही. घासला आणि चुलीवर चढवला.

मंडळी म्हणजे तरी किती? बडोद्यातली जुनी मराठी घरं, वाघोडियाच्या कारखान्यांत कामाला आलेले झारखंडचे लोक, थोडे गुजराती. प्रार्थना आत, भांडणं बाहेर, जेवण माझ्यात.

तेव्हा भास्करराव पाळक होते. पाळक म्हणजे मंडळीचे गुरू. एका नाताळच्या सकाळी मंडळीचा कारभार बघणारे दोन पंच घंटा कुणी वाजवायची यावरून भिडले. एकानं खुर्ची उचलली, दुसऱ्यानं मेणबत्त्यांचा स्टँड. एकाचा दात पडला, दुसऱ्याची भुवई फाटली, नवे कोट रक्तानं माखले. भास्कररावांनी दोघांना मानगुटीला धरून स्वयंपाकघरात आणलं. मी चुलीवर होतो, काठोकाठ डाळ, रटरट.

"उतरवा," ते म्हणाले. "एक कान तू धर, एक तू. मंडपात न्या. लोक उपाशी बसलेत."

आता बघा, मला एकट्या माणसाला उचलता येत नाही. दोघांनी उचलला तर पाऊल पावलाला जुळवावं लागतं. एक घाईत चालला की डाळ दोघांच्याही पायांवर. थोडं अंतर गेले असतील नसतील, एकाला म्हणावंच लागलं, "जरा हळू." दुसरा म्हणाला, "पायरी आहे, सांभाळ." झालं. बोलणं सुरू. मंडपात पोचेपर्यंत दोघं हसत होते, त्यातला एक दातावाचून.

तेव्हापासून पद्धत पडली. प्रीतिभोजनाला, म्हणजे उपासना झाल्यावर सगळे एकत्र जेवतात त्या दिवशी, ज्यांचं बोलणं बंद असेल त्यांनी हंडा उतरवायचा. भाऊ-भाऊ, सासू-सून, शेजारी-शेजारी, सगळे माझ्या कानांना लागले. पंच म्हणायचे, "हंडा उतरला की भांडण उतरलं." मला हे कधी पटलं नाही. डाळ कुणाची मनं जुळवत नाही हो. दोघांनाही भाजायची सारखीच भीती असते, म्हणून दोघं नीट धरतात. गोष्ट एवढीच. पण हंड्याला विचारतो कोण.

मग मयंकची वेळ आली.

विश्वामित्री नदीचं पाणी गावात शिरलं, त्या साली आमची चूल विझली नाही. चर्च जरा उंचावर आहे. दिवसभर माझ्यात खिचडी शिजायची आणि मंडळीचे तरुण बादल्या भरून घरोघरी न्यायचे. त्यांत पहिला मयंक. उंच, देखणा, अलकापुरीत मोबाईलच्या दुकानात कामाला. छातीएवढ्या पाण्यात डोक्यावर बादली घेऊन चालायचा. त्या पाण्यात मगरी फिरत होत्या, हे बडोदेकराला सांगायला नको. एका म्हातारीला पाठीवर घेऊन आला, तेव्हा गल्लीतले गुजराती शेजारीसुद्धा ओरडले, "वाह, मयंकभाई, वाह!" मीही म्हटलं, गडी मर्द आहे.

त्याची बायको मोहना. वाघोडियाला फिटर असलेल्या हिंमतरावाची मुलगी. जेवणं आटोपली की मला घासायला बसायची. एके रविवारी बघतो तर चिंच-मीठ डाव्या हातानं लावतेय. उजवा हात मांडीवर.

मथुराबाई आमच्या स्वयंपाकघराची मालकीण. वय झालेलं, हातात कायम लांब दांड्याची पळी. तिनं विचारलं, "हाताला काय झालं गं?"

"बाथरूममध्ये पडले."

"गेल्या खेपेला गाल कशावर आपटला होता?"

"दारावर."

"दार बरं चालत येतं तुझ्यापर्यंत," मथुराबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुरुषाचा हात कधी उठतो. जरा सांभाळून घे. एवढा सेवाभावी मुलगा."

 मोहना माझ्या तळाशी लागलेली खरवड खरवडत राहिली. इतका जोर लावून की कल्हई निघाली.

पुढच्या महिन्यात तिचं मनगट मोडलं. पिळून मोडलं. प्लास्टर घालून ती बापाच्या घरी राहायला आली. हिंमतराव रविवारी चर्चच्या दारातच मयंकच्या अंगावर गेला. कॉलर धरली, एक ठोसा नाकावर, दुसरा पोटात. मयंकच्या पांढऱ्या शर्टावर लाल पट्टा उमटला. धावले सगळे. आणि धरलं कुणाला? हिंमतरावाला. चौघांनी हात मागं पिळून धरलं. मयंकला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, मी तुम्हाला क्षमा केली," मयंक रुमाल नाकाला लावून म्हणाला.

"तुझ्या क्षमेला लाव आग!" हिंमतराव ओरडला. "पोरीचा हात मोडलास, हरामखोरा!"

बाया हळहळल्या. हिंमतरावासाठी नाही. देवाच्या दारात शिवी दिली म्हणून. "पुरात लोकांचे जीव वाचवणारा मुलगा बायकोला मारेल का?" असं जो तो विचारायला लागला. मारेल. दोन्ही हात त्याचेच आहेत.

आता पाळक होते ध्रुव. नवे, तरुण, मनानं चांगले. भांडण मिटवायची घाई झालेली चांगली माणसं फार वाईट. पंचांना घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि मोहनाला म्हणाले, "ताई, हंगामाच्या सणाला तू आणि मयंक हंडा उतरवा. जुनी पद्धत आहे. मग तू त्याच्याबरोबर घरी जा. सगळं नव्यानं सुरू करा."

"मी हंडा उचलीन," मोहना म्हणाली. "घरी जाणार नाही. तो मला मारून टाकेल."

"असं अभद्र बोलू नये," एक पंच म्हणाले.

"पुढचं पुढं बघू," ध्रुव पाळक म्हणाले. "आधी उचल तर."

मथुराबाई कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

सणाचा, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, दिवस उजाडला. वेदीपुढं भोपळे, केळीचे घड, उसाची मोळी. वाघोडियाच्या लोकांनी तांदूळ आणला होता. उपासना झाली, लोक मंडपात बसले, लहान पोरं ताटं वाजवायला लागली. मी चुलीवर फुगे सोडत होतो. मोहनाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, मनगट काडीसारखं. तिनं फडकं गुंडाळून एक कान धरला. मयंकनं दुसरा धरला आणि सगळ्यांकडे बघून हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उचललं. आणि मला लगेच कळलं.

मयंक आपला कान वर खेचत होता. मी मोहनाच्या बाजूला कलत होतो. चुकून नाही. चुकलेला हात लगेच सावरतो, हा सावरत नव्हता. डाळीची लाट काठावरून गेली आणि मोहनाच्या मनगटावर पडली. त्याच मनगटावर. कातडी पांढरी झाली, मग लाल.

"सरळ धर," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, बोलणं सुरू झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन!"

मयंक हसतच, ओठ न हलवता म्हणाला, "घरी चल. तिथं तुला सरळ करतो."

आणि परत कान वर खेचला. दुसरी लाट तिच्या पावलावर. एवढ्या वर्षांत एवढ्या भांडखोरांनी मला नेला. एकमेकांचं तोंड न बघणारे, एकमेकांची डोकी फोडलेले. पण असा मला कुणी वापरला नव्हता.

मोहना थांबली. पुढं पोरं ताटं घेऊन उभी होती. ती जीव खाऊन ओरडली, "पोरांना मागं घ्या! बाजूला व्हा सगळे!"

लोक गोंधळून सरकले. पोरांना ओढून घेतलं.

"काय नाटक लावलंयस?" मयंक पुटपुटला.

"मी सोडतेय," मोहना म्हणाली. "तूही सोड आणि मागं हो."

सांगून सोडला तिनं. हे ध्यानात ठेवा, कारण नंतर गल्लीत लोकांनी, तिनं न सांगता अंगावर ओतलं, असं भलतंच सांगितलं. तिची छाती होणार नाही अशा गुर्मीत त्यानं आपला कान घट्ट धरून ठेवला. तिनं सोडला आणि मागं उडी घेतली. तिची बाजू फरशीच्या कडेवर आपटली, कान तुटून उडाला, मी गर्रकन फिरलो आणि उरलेली डाळ मयंकच्या गुडघ्यांपासून पावलांपर्यंत गेली.

तो किंचाळला. अशी किंचाळी की छपरावरची कबुतरं उडाली. पण भाजलेला माणूस पाण्याकडे धावतो. हा धावला टेबलाकडे. भाताचं लोखंडी उलथणं उचललं आणि मोहनावर आला. पहिला घाव ती खाली वाकली म्हणून माझ्या पोटावर बसला. हा बघा, अजून आहे. दुसरा तिच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. ती माझ्याशेजारी डाळीत पडली. तिसऱ्यासाठी त्यानं हात वर केला. सगळी मंडळी बघत होती. पुरातला मयंकभाई त्यांनी पाहिला होता. आता हाही पाहिला.

बापई माणसं दगड झाली. हिंमतराव मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडून खुर्च्या उडवत येत होता, पण पोचला नसता. जवळ होती मथुराबाई. तिनं पळी दोन्ही हातांनी धरली आणि मयंकच्या वर गेलेल्या मनगटावर हाणली. एकदाच. उलथणं फरशीवर खणखणत गेलं, मयंक हात पोटाशी धरून खाली बसला.

मथुराबाई धापा टाकत ध्रुव पाळकांकडे वळली. "पाळकसाहेब, आजपासून माझं आणि ह्याचं बोलणं बंद. लावता का आम्हाला हंडा उचलायला?"



मग ती डाळीतच मोहनाजवळ बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडली. "सांभाळून घे म्हणाले गं मी तुला. मीच म्हणाले." मोहना विव्हळत म्हणाली, "आता पाणी ओता आधी हातावर."

हिंमतरावानं लेकीला दवाखान्यात नेलं आणि तिथून पोलीस चौकीत. या खेपेला साक्ष द्यायला सगळी मंडळी गेली. ध्रुव पाळक सर्वांत आधी. त्यांनी ती डाळ स्वतः पुसली. त्या दिवशी लोकांनी भात आणि कांदा खाल्ला.

मयंक पाय भाजून दवाखान्यात पडला. बायांनी त्यालाही डबा नेला. मथुराबाईनंच नेला. समोर ठेवला आणि म्हणाली, "जेव. आमच्या पोरीचं नाव तोंडातून काढलंस तर दुसरं मनगट आहे." नंतर त्याची रवानगी तुरुंगात झाली. खटला चालू आहे.

ती पद्धत बंद पडली. मी आता चुलीवरून हलतच नाही. ज्याला न्यायची त्यानं बादली भरून न्यावी. लोक अजून भांडतात, रुसतात, तोंडं फिरवून बसतात. बसू देत. वाढताना कुणाला वगळत नाहीत. दवाखान्याच्या डब्यांचं काम आता मोहना बघते. खांदा पुरता वर जात नाही तिचा, पण आवाज वर जातो.

तुम्ही शहाणी माणसं, तुम्हाला हंड्यानं काय सांगायचं? तरी सांगतो. दोघांना एका उकळत्या भांड्याला जुंपण्याआधी बघा, भाजतंय कुणाला. एकालाच भाजत असेल तर त्याला समेट म्हणू नका.

परवा पंचांनी कंसाऱ्याला बोलावलं. त्यानं मला उलटासुलटा केला, घावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "नवा कान ठोकून देतो. जुन्यापेक्षा पक्का. ओळखू यायचं नाही."

सगळे मोहनाकडे बघायला लागले. ती तांदूळ निवडत होती.

"कान नको," ती म्हणाली. "भोकं तेवढी बुजवा."

बुजवलीत. थेंब गळत नाही. भूक लागली असेल तर ताट घेऊन या.