चक्रीबाबांच्या तीर्थाची बाटली

नागोठण्यापुढच्या खिंडीत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची ही दाटी! पेण ते रोहा सायकल शर्यत त्या चढावर पोचली होती. बाकीचे स्पर्धक उभे राहून, दातओठ खात पेडल मारत होते, आणि त्यांच्यामधून गडब गावचा आदर्श नावाचा पोरगा उतार लागल्यासारखा निघून गेला. बसल्या जागी, पाय नावापुरते फिरवत. मागच्या चाकाच्या मध्यावर लाल फडकं गुंडाळलेलं होतं आणि सांगाड्याला सोनेरी बाटली अडकवलेली. बाटलीत म्हणे चक्रीबाबांचं तीर्थ. ते प्यायचं नाही, उघडायचं नाही, दुसऱ्या कुणी शिवायचंसुद्धा नाही.

"घाम बी नाय ओ पोराला," एका म्हाताऱ्याने हात जोडले. "देवच ढकलतोय त्याला."

देवाला दुसरी कामं नाहीत का, असं सुरभीच्या अगदी ओठांवर आलं. ती पेणच्या एका शाळेत खेळ शिकवायची आणि आज पंच म्हणून मागच्या जीपमध्ये होती. तिने राग गिळला.

रोह्यात आदर्श पहिला आला. पाठोपाठ पारी आली, नदीकाठच्या वाडीतली, जुन्या सायकलवर, धापा टाकत. नियमाप्रमाणे सुरभीने पहिल्या सायकलची तपासणी केली. उचलायला गेली तर सायकल धोंडा बांधल्यासारखी जड. फडकं सोडलं, आत मोटर. बाटलीच्या बुडातून वायर निघून सांगाड्यात शिरलेली. समितीचे अध्यक्ष हैबतराव हे आदर्शचे सख्खे मामा. त्यांनी ते पाहिलं, सायकल कार्यालयाच्या खोलीत ढकलली, कुलूप लावलं आणि माइक हातात घेतला. "नियमभंगामुळे पहिला स्पर्धक बाद. पारी विजेती. बक्षीस समारंभ पुढच्या रविवारी."

"कुठला नियम मोडला, ते सांगा ना," सुरभी म्हणाली.

"बाद केला ना, मॅडम? मग झालं की. पोराला उद्या नोकरी हाय, लग्न हाय. आणि बाबांचं नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

"लोक विचारतील."

"विचारतील आणि थकतील."

लोक कसले थकतायत. त्यांना खरं कारण दिलं नाही की ते घरचं बनवतात, आणि घरी बनवलेलं कारण नेमकं गरिबाच्याच दारात जाऊन पडतं.

झालं असं, की पारीची आई पूजा शर्यतीच्या दिवशी गडबच्या फाट्यावर उभी राहून येईल त्याला लिंबूपाणी देत होती. आदर्शलाही तिने पेला दिला होता. पिळलेली सालं रस्त्याकडेला पडली. आदर्श बाद का झाला, असं लोक विचारायला लागले तेव्हा चक्रीबाबांनी तीच सालं पुढे केली. या बाबांचं मूळचं नाव पोपट. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पनवेलकडे बॅटरीच्या सायकली दुरुस्त करायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. पण साक्षात्कार झाला म्हटलं की मागचं सगळं माफ!

"बाळांनो, चक्र फिरतं मंत्राने," बाबांनी डोळे मिटून सांगितलं. "मंत्राला कापतं लिंबू. म्हणून पोर पहिलं येऊनही बाद झालं. लिंबू कुणी कापलं? मी नाव घेणार नाही. मला मुंगीचीसुद्धा दया येते."

नाव घेतलं नाही, बोट मात्र पूजाच्या वाडीकडे दाखवलं. झाली करणी सिद्ध! वालाची काढणी ऐन भरात होती, पण पूजाला कुणी शेतावर बोलावेना. दुकानदार तिला पायरी चढू देईना. सुरभी घरोघर जाऊन सांगत होती, मोटर होती, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं: "मग कमिटी का नाय बोलली, मॅडम?" संतापाने तिला रडू यायचं.

रविवारी रोह्याच्या मैदानात बाबा पाहुणे म्हणून मंचावर बसले होते. त्यांनी फर्मावलं, पूजाने सगळ्यांसमोर नाक घासावं, मगच पारीला बक्षीस द्यावं.

"मिटवून टाकू, मॅडम," हैबतराव कुजबुजले. "दोन मिनिटांचं काम हाय."

पूजा निघालीसुद्धा. सुरभीने तिचा हात धरला. "अगं, तू काही केलेलं नाहीस."

"मला ठाव हाय, बाई. पण नाक घासलं तर उद्या कामाला बोलावतील. पोरीला कुणी चेटकिणीची म्हणणार नाय."

सुरभीला पुढचं ऐकवेना. बक्षिसं काढायला कार्यालयाची खोली उघडली होती. ती आत गेली आणि सायकल ओढत थेट मंचावर घेऊन आली.

"अरे, तीर्थाला शिवू नका, भस्म व्हाल," बाबा ताडकन उठले.

सुरभीने मागचं चाक उचलून धरलं आणि हँडलच्या मुठीखालचं बटण दाबलं. चाक आपोआप गरगरा फिरायला लागलं. मैदानातले निम्मे हात जोडले गेले. तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"पूजा, यावर लिंबू पीळ."

पूजाने सरबताच्या टेबलावरचं लिंबू आणून चाकावर पिळलं. चाक फिरतच राहिलं.

"बाबा, आता तुमच्या मंत्राने थांबवा."

बाबांनी घाम पुसला. सुरभीने बाटली खोबणीतून काढली, तसं चाक मंदावून थांबलं. बाटली परत बसवली, पुन्हा फिरलं. मग तिने झाकण उघडून बाटली उलटी धरली. थेंबभर पाणी पडलं नाही. आत निळ्या वेष्टनातली बॅटरी होती.

"बॅटरी असंल," खिंडीतला तोच म्हातारा म्हणाला, "पण तिच्यात शक्ती कुणाची?"

"विजेच्या बोर्डाची, आजोबा. रात्रभर चार्जिंगला लावावी लागते."

लोक हसले, तेव्हा बाबा मागच्या शिडीने उतरत होते. सुरभीने माइक घेतला.

"हसू नका. आठवडाभर तुम्ही एका बाईची मजुरी बंद केलीत, कशावरून, तर लिंबाच्या सालावरून. पुढे कुणी चमत्कार म्हणालं की आधी उघडून दाखव म्हणा. आणि कमिटीने निकाल सांगितला की कारण मागा. कुठला नियम मोडला, काय सापडलं, कुणी तपासलं. कारण झाकलं की त्याच्यावर बाबा बसतो."

गर्दीतून आदर्श मंचाजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मामा, बोला एकदाचं."

हैबतराव जागचे हलेनात. तेव्हा पूजा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमी भाच्याचं नाव राखलंत. माजं कुणी राखायचं व्हतं?"

त्यांनी सुरभीच्या हातून माइक घेतला आणि आदर्शच्या सायकलमध्ये काय काय सापडलं होतं, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.