गोडाऊनमधला दवाखाना

सोसायटीचा शिपाई रुपचंद याने बोटावरचं केकचं क्रीम चाटलं आणि त्याच बोटाने टीव्हीचा आवाज वाढवला.

"मागं ऐकू येतं का हो?" त्याने विचारलं.

मागच्या खुर्च्यांवरून दोन-चार हात वर झाले. येतं, येतं.

बेबाबाईने नाकाला पदर लावला. सोसायटीच्या या गोडाऊनमध्ये आता आतापर्यंत युरियाच्या थैल्या रचलेल्या असायच्या. चुना मारला, फरशी धुतली, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवला, तरी तो वास काही जायला तयार नव्हता. त्यात तुडवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, चपलांना चिकटणारं सांडलेलं कोल्ड्रिंक, आणि कोपऱ्यातल्या कोऱ्या चुन्यावर कुणीतरी आजच टाकलेली तंबाखूची पिंक. वर फलक लावला होता : डॉक्टर आता प्रत्येकीच्या जवळ. फलकाखाली तिचा थोरला मुलगा योगराज उभा होता. सोसायटीचा चेअरमन. हा ऑनलाइन दवाखाना गावात यावा म्हणून त्याने जळगावला किती खेटे घातले होते. तिलाही त्याचं कौतुक होतं. आज सकाळपर्यंत होतं.

समोरच्या खुर्चीवर धाकटी सून कामिनी बसली होती. तिचा नवरा जितेंद्र सुरतेला कामाला. दिवाळीच्या सुमारास मोरीवर रोज उठून कपडे भिजलेले दिसायला लागले, तेव्हा बेबाबाईने तिला मागच्या दारी गाठलं होतं. "थांबतच नाही, आत्या," एवढंच ती बोलली होती. बेबाबाईने योगराजला सांगितलं, कामिनीची तब्येत बरी नाही, जळगावला एखाद्या डॉक्टरीणबाईला दाखवू. तो म्हणाला होता, "जळगाव कशाले, माय? डॉक्टर आपल्या गावात येऊन राह्यले. पहिली पेशंट आपल्याच घरची."

बेबाबाईला वाटलं होतं, एखादी खोली असेल. खोलीला दार असेल.

"ताई, पदर थोडा वर घेता का?" पडद्यावरची डॉक्टर म्हणाली. तरुण होती, पुण्याकडची असावी. आवाज गोड होता, पण दोन भोंग्यांतून येत होता. "मला तुमचा चेहरा दिसत नाहीये."

कामिनीचा पदर हनुवटीपर्यंत होता. लग्न होऊन आल्यापासून तिने थोरल्या दिरासमोर, जेठासमोर, तोंड उघडलं नव्हतं. त्याला चहा द्यायचा तर उंबऱ्याशी कप ठेवून ती बांगड्या वाजवायची. तो रिवाज तिला बेबाबाईनेच शिकवला होता. योगराजही तो पाळत होता. आत्ताही तो भावजयीशी बोलला नाही.

"माय, तिले सांग, पदर वर घ्याले."

बेबाबाईने सांगितलं नाही. कामिनीनेच दोन बोटं पदर उचलला.

"हां. आता सांगा, काय त्रास होतो?"

कामिनीचे ओठ हलले.

"डोकं, मॅडम," रुपचंद तिकडून ओरडला. "डोकं दुखतं म्हणते."

"बरं. पाळी नियमित येते का?"

कुणीतरी खोकलं. मागे दबकं हसू फुटलं. कामिनीची हनुवटी छातीला टेकली.

"येते ना, मॅडम," योगराज म्हणाला. "सगळं रेग्युलर आहे. आमच्या घरात तसलं काही नाही."

"पहा बरं," जीवरामनाना शेजारच्याला म्हणाले, "चेअरमनले घरातली सारी खबर."

आता मोकळं हसू झालं. योगराजही हसला. ज्याने भावजयीचा आवाज कधी ऐकला नाही, तो तिच्या पाळीची ग्वाही देत होता, आणि यात काही वावगं आहे असं त्या भरल्या गोडाऊनमध्ये एकालाही वाटत नव्हतं.

डॉक्टरने डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. टाळ्या झाल्या. पहिली पेशंट म्हणून कामिनीच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. फोटो काढणारा म्हणाला, "वहिनी, जरा हसा."

बेबाबाईला तिच्या तरुणपणची सरकारी नर्स, कोकिळा सिस्टर, आठवली. नशिराबादच्या फाट्यावर एसटीतून उतरून ती बाई उन्हातून चालत यायची आणि आल्या आल्या घरातल्या पुरुषांना बाहेर काढायची. बेबाबाईच्या सासऱ्यांपुढे उभं राहायची गावाची छाती नव्हती, पण त्यांनाही तिने निंबाखाली नेऊन बसवलं होतं. मग खिडकीला लुगडं बांधायचं, दार लोटायचं आणि जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. पिशवीत तिच्या काय असायचं, चार गोळ्या नि एक सुई. पण ती गप्प बसून राहायची, आणि ती गप्प बसली की बाई बोलायला लागायची.

रुपचंदने रिमोट उचलला.

"बंद नको करू," बेबाबाई म्हणाली. "मले दाखवायचं आहे."

"तुले काय झालं?" योगराज म्हणाला. "गुडघेच ना? घरी सांगू फोनवर."

"बसू दे मले."

तिने कामिनीला खुर्चीवरून उठवलं, तिच्या हातातला नारळ काढून योगराजच्या हातात दिला. "मागं उभी राह्य, कामिनी. मले चक्कर येते. धर पाठीला."

"बोला, आजी," डॉक्टर म्हणाली.

"अंगावरून जातं," बेबाबाई म्हणाली. मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली. "रक्त जातं. थांबत नाही."

"माय..."

"त्याहीनं मले इचारलं. तू मधी नको बोलू."

जीवरामनाना उठले. पायांनी चपला चाचपल्या आणि बाहेर निघाले. त्यांच्यामागे आणखी काहीजण उठले. खुर्च्या सरकल्या. रुपचंद रिमोट ठेवून केकचा रिकामा डबा उचलायच्या निमित्ताने गेला. योगराज तेवढा नारळ धरून राहिला. त्याला जाता येत नव्हतं.

"वय काय तुमचं, आजी?"

"सत्तरी उलटली."

पडद्यावरची बाई पुढे झुकली. "दुखतं कुठे? कंबर, की ओटीपोट?"

बेबाबाई अडखळली. हे तिने कामिनीला कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात पाठीवरच्या हाताची बोटं खाली सरकली आणि कमरेच्या हाडापाशी दाबली गेली.

"कंबर," बेबाबाई म्हणाली.

"रक्ताच्या गाठी पडतात?"

बोटं दाबली गेली.

"पडतात."

"वास येतो?"

बोटं उचलली गेली. मग दाबली गेली. या थंडीत कामिनी दोन दोन वेळा आंघोळ का करत होती, ते बेबाबाईला आत्ता कळलं.

"येतो."

"कधीपासून होतंय हे?"

"दिवाळीपासून," बेबाबाई म्हणाली.

बोटं हलली नाहीत. तिने वाट पाहिली. मग पाठीवर एक बारीक चिमटा बसला.

"नाही. त्याच्या आधीपासून. पोळ्यापासून."

पुन्हा चिमटा.

"आठवून सांगा, आजी, घाई नाही."

"आखाजीपासून," बेबाबाई म्हणाली, आणि अख्खा तळवा पाठीला टेकला.

आखाजी. त्यानंतर श्रावणात घरी कानबाई बसली होती. देवीचे रोट कामिनीनेच केले होते, उभं राहून, दिवसभर. आणि बेबाबाई चुलीपाशी पाट टाकून बसली होती, कोणती बाई पाळीमुळे बाजूला बसायची आहे नि कोणती नाही, ते एकेकीला विचारत.

"आजी, हे गोळ्यांवर ठेवायचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाली. "तपासावं लागेल. उद्याच जळगावला सिव्हिलला जा, तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी आत्ता फोन करते. सोबत बाईमाणूस घ्या."

"धाकटी सून येईल."

"मी गाडी काढतो, माय," योगराज म्हणाला. "मी येतो."

"गाडीपाशी थांबशील. आत आम्ही दोघी जाऊ."

डॉक्टर काहीतरी लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली.

"आखाजी म्हणजे एप्रिल-मे झाला ना, आजी? एवढे महिने घरात कुणालाच सांगितलं नाही?"

बेबाबाई थांबली. बोटं काही सांगतील म्हणून थांबली. पाठीवरचा हात होता तसाच होता.

"सांगण्यासारखं घरात कोणी नव्हतं," ती म्हणाली.

ते आपल्यालाच आहे असं समजून योगराजने मान खाली घातली.