येतो म्हणाला

रघुजींनी अर्धवट भरलेलं संमतीपत्र सही न करताच उशीखाली सरकवलं आणि सिस्टरचं पेन खिशाला लावलं.

"स्वल्प थांबा, सिस्टर. मुलगा येतोय. सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळूर चौदा हजार किलोमीटर. थेट विमान, साडेसतरा तास. काल संध्याकाळी सहाला बोलला. साडेअकराला उतरेल, दीडपर्यंत इथं."

सिस्टरने खाटेशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीकडे, भूमिकाकडे पाहिलं. बायपास अकराला ठरली होती आणि ती आजच व्हायला हवी, असं डॉक्टर सकाळपासून दोनदा बजावून गेले होते.

भूमिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्जापूर रोडहून जयनगरचं हे हॉस्पिटल, पंधरा किलोमीटर. दीड तास यायला, दीड तास जायला, बारा दिवस. ते अंतर अप्पांनी कधी मोजलं नव्हतं. डबा तिने आणायचा, विमावाल्यांशी तिने भांडायचं आणि सहीला मात्र मुलगा गिरीराज हवा!

व्हरांड्यात जाऊन तिने भावाला फोन लावला.

"अण्णा, निघालास का?"

"कुठं?"

"काल अप्पांना येतो म्हणालास."



"अगं, फोन ठेवताना म्हणालो. 'सरी अप्पा, ठीक आहे, येतो.' मग काय, जातो म्हणायचं?"

घरात जातो कुणीच म्हणत नसे. तीही रोज संध्याकाळी 'येते' म्हणूनच निघायची. पण दुसऱ्या दिवशी यायची तरी.

"म्हणतोस, तर कधी येतही जा!" तिने फोन कापला.

ती खाटेजवळ आली. गोड करून सांगण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं.

"अप्पा, तो निघालेलाच नाही. फोन ठेवताना येतो म्हणाला, एवढंच."

"तुला विचारायला कुणी सांगितलं होतं?" रघुजी कडाडले.

"कुणी नाही. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

रघुजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सिस्टर दाराशी येऊन उभी राहिली. मग त्यांनी स्वतःच उशीखालून कागद काढला आणि आपली सही केली.

खाली नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी होती. नात्याच्या रकान्यात मात्र त्यांनी आधीच कन्नडमध्ये 'मग' लिहून ठेवलं होतं. मग म्हणजे मुलगा. भूमिकाने ते वाचलं.

रघुजींनी पेन थोडा वेळ तसंच धरलं. नंतर त्या शब्दाला लागून आणखी एक अक्षर काढलं, 'ळु'. मगळु. मुलगी. खोडाखोड करावी लागली नाही.

"इथं कर," ते म्हणाले.

भूमिकाने पेन जवळजवळ हिसकावून घेतलं.