दर रविवारचा पिवळा दिवा

सिंधूताईंच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पहिल्यांदा पेटला, तेव्हा त्यांनी घाबरून गाडी रस्त्याकडेला थांबवली होती. पुढे त्याच दिव्यावर त्यांचा जीव जडला, आणि याला कारण त्यांचा लेक निनाद.

निनाद जर्मनीत, मोटारींची इंजिनं तपासायच्या नोकरीत. तीन वर्षांपूर्वी यजमान गेल्यापासून म्हैसूरला, बोगादीच्या घरात ताई एकट्या. रविवारी चारला लेकाचा फोन यायचा आणि जेवलीस का, गोळ्या घेतेस का, पाऊस आहे का, यावर आटपायचा. जेमतेम दोन मिनिटं. मुलगा वाईट नव्हता हो! बापाच्या वळणावर गेला होता, बोलायला विषय लागायचा.

जूनमध्ये दिवा पेटला आणि लेकाला कंठ फुटला. त्याने एक छोटासा ठोकळा मागवून दिला. स्टिअरिंगखाली खोचला की गाडीची तक्रार मोबाइलवर उमटायची.

"आई, धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते एक सेन्सर हुंगत असतो. त्यावर इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. तुझ्या सेन्सरचं नाक चोंदलंय असं वाटतंय. आकडे वाच बघू."

"पॉइंट एक... पॉइंट एक... आता पॉइंट आठ."

"फार हळू बदलतोय. बॉनेट उघड, तुला त्याची वायर दाखवतो."

त्या रविवारी फोन पंचावन्न मिनिटं चालला. ताईंना सगळं कळलं असं नाही, पण लेक पूर्वी शाळेतून आल्यावर दप्तर न टाकताच बोलत सुटायचा, तसा बोलत होता. असे चार रविवार गेले. मग नजरबादच्या गगन मेकॅनिकने नवा सेन्सर बसवला, दिवा विझला आणि फोन पुन्हा दोन मिनिटांवर आला. ताई मांडीवर फोन घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बॉनेट उघडलं, निनादने शिकवली होती तशी क्लिप दाबली आणि नव्याकोऱ्या सेन्सरचा प्लग उपसून काढला. दोन दिवसांत दिवा हजर! लबाडी म्हणा हवं तर. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

निनाद कामाला लागला. एका रविवारी फ्यूज, दुसऱ्या रविवारी बॅटरी, तिसऱ्या रविवारी वायर उंदराने कुरतडली का ते. गाडी पेट्रोल पीत होती, मागून वास येत होता, आणि आई खुशीत होती. असे अडीच महिने गेले.

दसरा आला. आयुधपूजेच्या आधी गगन ठरल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या धुऊन, तपासून द्यायचा. त्याचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेतले. घरी मराठी, पण दोन शब्दांमागे एक कन्नड. शनिवारी गाडी नेली आणि रविवारी दुपारी हसत हसत परत आणली.

"अक्का, सेन्सर चेन्नागिदे, एकदम चांगला. प्लगच सुटलेला नोडी, बघा. लावला, दिवापण घालवला. पूजेला दिवा पेटलेली गाडी ठेवतात होय? हार घालायचा, लिंबू चिरडायचं, आणि आत ती तक्रार करत बसणार?"

त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पुण्याचंच काम केलं होतं त्याने. ताईंनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. प्लग आत्ता काढला तरी दिवा पेटायला दोन दिवस जाणार. आजचा फोन गेला, हे त्यांना कळून चुकलं.

फोन वाजला तेव्हा त्या सवयीने गाडीतच बसल्या होत्या.

"आई, आज काय म्हणतेय गाडी?"

"काही नाही रे. दिवाच नाही आज."

निनादने सरळच विचारलं.

"प्लग कोणी लावला?"

"गगनने," ताई बोलून गेल्या आणि चपापल्या. प्लग सुटल्याचं त्यांनी निनादला कधी सांगितलंच नव्हतं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"दिवा पुन्हा लागला त्या पहिल्याच रविवारी कळलं. मोबाइलवरचा कोड सरळ होता, सेन्सरशी संपर्क नाही. आणि ती क्लिप आपोआप सुटत नाही."

"मग ते फ्यूज काय, उंदीर काय! मला वाकायला का लावलंस इतके दिवस?"

"गाडी नीट झाली असती ना," निनाद म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मग तुझ्याशी काय बोललो असतो मी?"

ताईंचे डोळे भरून आले. तीन वर्षं गिळलेलं वाक्य त्यांनी शेवटी बोलून टाकलं.

"मला तुझी फार आठवण येते रे. काहीही बोल. पण ठेवू नकोस."

ताईंना वाटलं, फोन ठेवला. मग पलीकडे एक भांडं वाजलं.

"आज पिठलं केलं होतं मी," तो म्हणाला. "गुठळ्या झाल्या, आई."