पिवळ्यावरचा हात

पार्टीत लोक मला हमखास विचारतात, की चार फटकारे मारलेल्या कॅनव्हासला एवढे पैसे कसे मिळतात. मी प्रत्येकाला वेगळं खोटं सांगते. न्यूयॉर्कमधल्या विथरो नावाच्या लिलावघरात, कॅटलॉगमध्ये चित्राशेजारी छापायचा मजकूर मी लिहिते. मला पगार चांगला आहे आणि काम चांगलं जमतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून अश्रूंची अपेक्षा करायला नको.

विल्मा ओर्लोस्की आमच्याकडे आली ती फेब्रुवारीत, बुटांवर बर्फाचा चिखल घेऊन. ऐंशीच्या घरातली हडकुळी बाई. तरुणपणी ती न्यूयॉर्कच्या बाउरी या तेव्हाच्या भिकार वस्तीत एका गळक्या माळ्यावर मोठमोठी चित्रं रंगवायची, तेव्हा तिला कुत्रंही विचारत नव्हतं. मग एका म्युझियमने तिची तीन चित्रं एका दालनात टांगली. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन श्रीमंतांना त्यातलं एकच हवं झालं, आणि विल्मा रातोरात थोर ठरली. तिच्याकडे तोवर एकही चित्र उरलं नव्हतं. सगळी घरभाड्यात आणि डॉक्टरात गेलेली. आमच्याकडे चित्र एकदा विकलं की चित्रकाराचा त्याच्याशी संबंध संपतो, त्यामुळे या थोरपणाचा तिला एक सेंटही मिळाला नाही.

“ते पिवळं माझ्याकडे परत यायला हवं,” ती माझ्यासमोर बसून म्हणाली. “मी योंकर्सचं घर विकलंय. ऐंशी हजार डॉलर आहेत.”

पिवळं म्हणजे आमच्या वसंतातल्या लिलावातलं एक चित्र. माणसाच्या उंचीचं, सगळं पिवळंजर्द, आणि खाली उजव्या कोपऱ्यात फिस्कटल्यासारखा एक लहानसा डाग. त्या डागावर एका प्राध्यापकाने मोठा लेख लिहिला होता. त्याच्या मते तो बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांचा हुंदका होता, आणि कॅटलॉगसाठी मीही तेच लिहून ठेवलं होतं. डॅलसच्या कुणा दंतवैद्याच्या मुलांनी चित्र विकायला काढलं होतं आणि आम्ही तीन लाखांचा अंदाज छापणार होतो.

“ऐंशी हजारांत नाही होणार, विल्मा.”

“मग भाव खाली कसा येतो ते सांग.”

मला हसूच आलं. “लोक इथे वर कसा न्यायचा ते विचारायला येतात.”

“मला खालीच हवाय, पोरी.”

माझं सूप गार होत होतं. तिला वाटेला लावायचं म्हणून मी म्हटलं, “हे बघा, इथे चित्र विकलं जात नाही. हात विकला जातो. सगळं तुमच्या हातचं, म्हणून भाव. त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागलाय असं निघालं, की चित्र धड तुमचं नाही आणि धड त्याचं नाही. भल्याभल्या चित्रांचे असे बारा वाजलेत.”

हे खोटं नव्हतं. फक्त ते चारशे वर्षं जुन्या चित्रांबद्दल खरं होतं. मी तेवढं सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती थेट ड्वाइट पेलच्या खोलीत. पेल आमचा मुख्य लिलाववाला. उंच, देखणा, आवाजात लोणी. मीही तिथेच होते. विल्माने कोटाची बटणंही काढली नाहीत.

“मिस्टर पेल, एक कबूल करायचंय. ते पिवळं पूर्ण माझ्या हातचं नाही. कोपऱ्यातला डाग आहे ना, तो माझ्या मुलीचा हात आहे. टिलीचा. रंग ओला होता, तिने पंजा टेकवला. तर आता ते माझं चित्र म्हणून विकता येणार नाही. हो ना?”

बिचारी केवढ्या आशेने बघत होती! पेल खुर्चीत पुढे झुकला. मग त्याने अगदी हळू विचारलं, “टिली कुठे असते आता?”

“गेली. त्याच हिवाळ्यात. सहा वर्षांची होती. हॉस्पिटलचं बिल भरायला मी तेच चित्र विकलं, दुसरं काही सुकलेलंच नव्हतं. मग आग लागली माळ्याला. तिचं काही राहिलं नाही. तेवढाच हात आहे.”

पेल उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. “फार वाईट झालं,” तो म्हणाला, आणि तिला लिफ्टपर्यंत पोचवून आला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“मार्गो, तुझा तो पोलादाचा हुंदका फाडून टाक.”

“काय लिहू?”

“तुला माहितेय काय लिहायचं.”

मला माहीत होतं. खरं सांगते, मला त्या म्हातारीचा राग आला. असलं काही कुणी फुकट सांगून टाकतं का? आयुष्य चित्रं काढण्यात घातलं, पण चित्राला भाव कशाने येतो हे काही तिला उमगलं नाही. तिला वाटलं, आम्ही विकतो तो हात म्हणजे कुंचला धरणारा हात. आम्हाला गोष्ट लागते, आणि मेलेल्या पोरीपुढे पोलाद कारखाना काय टिकणार? मी एका दुपारीत चार परिच्छेद लिहिले. अंदाज तीन लाखांचा तीस लाख झाला.

तो कॅटलॉग मिळाल्यावर विल्माचा फोन आला. “अगं, शून्य चुकून जास्त पडलंय.”

“चुकून नाही पडलं.”

पलीकडे कॅटलॉगची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तरी मी येणार. हात वर करणार.”

तिने आमच्याकडून बोलीची पाटी घेतली आणि लिलावाच्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत येऊन बसली. कोटावर ब्रोच लावला होता. असल्या चित्राची बोली एरवी दहाबारा लाखांपासून सुरू होते. पेलने ती पन्नास हजारांपासून सुरू केली. लोक चमकले. मला मात्र कळलं, आणि त्याच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. आईने हात वर केलेला सगळ्या सभागृहाने बघायला हवा होता ना!

विल्माने पाटी वर केली.

“पन्नास, तिसऱ्या रांगेतल्या बाईंकडून. आभारी आहे, मॅडम. साठ, मागे.” पेलने दाराकडे बोट केलं.

विल्माने पुन्हा पाटी उचलली. सत्तर.

“ऐंशी, मागे.”

मागे कुणी नव्हतं. आमच्या धंद्यात याला झुंबराची बोली म्हणतात. मालकाने ठरवलेल्या किमान भावापर्यंत लिलाववाला छतावरच्या झुंबराकडूनसुद्धा बोली घेऊ शकतो. कायद्याने चालतं, सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. विल्माला ठाऊक नव्हतं. तिच्या तरुणपणी तिच्या चित्रांचा लिलाव करायला कोण बसलं होतं?

तिच्याकडे होते ते ऐंशी हजार झुंबराने बोलून टाकले होते. ती खुर्चीला धरून उभी राहिली आणि मागे वळून बघू लागली. दाराशी नुसता रखवालदार होता.

“कोण बोलतंय तिथून?” तिने विचारलं. आवाज चिरकला होता. “त्यांना सांगा ना कुणीतरी. ती माझी मुलगी आहे. मला दुसरं काही नकोय. त्यांना सांगा, की ती माझी मुलगी आहे.”

पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने पाटी वर केली. “पाच लाख,” ती रडत रडत म्हणाली. मग फोन वाजू लागले. आठ, पंधरा, बावीस. रडणारी बाई सव्वीसला गळाली. एक्केचाळीस लाखांना चित्र कनेक्टिकटच्या क्रेस नावाच्या माणसाने फोनवरून घेतलं. टाळ्या पडल्या. विल्मा अजून उभीच होती. तिच्या शेजारच्या माणसाला वाटलं ती अभिवादन करतेय, म्हणून तोही उठून टाळ्या वाजवू लागला.

क्रेस चित्र घरी टांगणार नव्हता. ते डेलावेअरच्या करमुक्त गोदामात जाणार होतं, जिथे अशी चित्रं पेटीत बंद राहतात आणि न हलता मालक बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत दोघं माणसं पेटी तयार करत होती. विल्मा आली आणि मला म्हणाली, “एकदा बघू दे.”

मी बघू दिलं. मला काय त्याचं?

ती कोपऱ्याशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने आपला पंजा त्या डागावर ठेवला. “ओ बाई!” पेटीवाला ओरडला. पेल धावत आला. मला वाटलं आता हिला पोलीस. पण पेल तिच्याशेजारी उकिडवा बसला, पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता.

“विल्मा, तुमच्या हाताला रंग होता का?”

“नाही. का?”

“असता तर...” त्याने जीभ ओठांवरून फिरवली. “ऐका. तुमचा हात. तिच्या हाताच्या शेजारी, त्याच पिवळ्यात. मी आत्ता क्रेसला फोन करतो, तो नाही म्हणणार नाही. बदल्यात दरवर्षी एक दिवस तुम्हाला चित्र बघायला मिळेल. लिहून देतो मी.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “तिच्या शेजारी?”

“अगदी खेटून.”

तिचा हात उचलला गेला होता. बोटं किंचित फाकली होती. तिला ते हवं होतं, इतकं हवं होतं, की मला बघवेना आणि मी पेटीच्या स्क्रूंकडे बघू लागले.

“आणि मग भाव वाढेल?” तिने विचारलं.

पेल तिच्याशी एवढंच एक खरं बोलला असेल. “वाढेल ना.”

विल्मा हळूहळू उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. “त्या दिवशी मी तिला ओरडले होते,” ती म्हणाली. “चित्र नासवलंस म्हणून. टर्पेंटाइनने तिचा हात खसाखसा पुसला. भाजत होतं तिला. रडत होती, मी पुसतच राहिले.” मग ती पेटीवाल्यांकडे वळली. “बंद करा.”

त्यांनी पेलकडे बघितलं.

“त्याच्याकडे काय बघताय? मी सांगतेय. करा बंद.”

शेवटचा स्क्रू बसेपर्यंत ती थांबली आणि गेली. बहिणीकडे, स्क्रॅन्टनला. त्यानंतर तिला आम्ही पाहिलं नाही.

दोन वर्षांनी क्रेसने चित्र पुन्हा विकायला काढलं. पेटी गोदामातून हललीही नव्हती. पेल माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला आणि म्हणाला, “मार्गो, त्या सकाळचं काही आठवतं?” मला सगळं आठवत होतं. आईने स्वतः उभं राहून पेटी बंद करायला लावली, हे वाक्य मी नव्या मजकुरात वर घेतलं. टर्पेंटाइनचं खाली, शेवटाला. चित्र बहात्तर लाखांना गेलं.