डावा दरवाजा

मी गाडी आहे. पांढरी, चार दरवाजांची, वय वर्षं बावीस. सिल्वासात आमली भागातल्या एका इमारतीखाली कव्हर पांघरून उभी असते. चालू होत नाही, एवढीच मध्यंतरी माझी ओळख होती. येणारेजाणारे म्हातारी म्हणतात. म्हणू देत. पण मला काय झालंय ते मला पक्कं ठाऊक होतं, सांगायला तेवढं तोंड नव्हतं.

जन्मले कारखान्यात, पण मला घर मिळालं ते गजानन सरांचं. सर रत्नागिरीकडचे, इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायला आलेले. त्यांच्या पत्नी लीलाबाई किलवणीच्या शाळेत शिकवायच्या. रोज सकाळी सर त्यांना किलवणीला सोडून मग आपल्या शाळेत जात. बाई वाटेत मांडीवर वह्या घेऊन तपासायच्या आणि उतरल्या की डावा दरवाजा असा आपटायच्या, की माझ्या काचा थरथरायच्या.

"अगं, हळू लाव. गाडी आहे, शाळेचं फाटक नाही," सर रोज म्हणायचे. बाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडकन! खरं सांगते, मला ते कधीच लागलं नाही. उलट तो आवाज झाला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. सर त्याआधीच निवृत्त झाले होते. आता ते फक्त रविवारी मला बाहेर काढतात. किलवणीला जायचं, शाळेच्या बंद फाटकासमोर पाच मिनिटं थांबायचं आणि परत. हे ते कुणालाच सांगत नाहीत. घरी आलं की बाईंची सीट फडक्याने पुसतात, डावा दरवाजा अलगद टेकवतात आणि कव्हर घालतात.

तिथेच सगळी गोम. माझं वय झालंय, टेकवलेला दरवाजा पुरता लागत नाही. आतला छोटा दिवा जळत राहतो आणि कव्हरमुळे कुणाला दिसत नाही. बाईंच्या रिकाम्या सीटवर तो उजेड पडलेला मी एकटीच बघत बसते. तीन दिवसांत बॅटरी गार.

मग उपचार सुरू झाले. आमलीतच गॅरेज असलेला समाधान, मूळचा धुळ्याकडचा, त्याने तारांची टोकं घासली, स्टार्टर उघडला, बॅटरीसुद्धा नवी बसवली. शेजाऱ्यांनी पेट्रोल जुनं झाल्याचा शोध लावला. एकाने लिंबू-मिरची बांधली. दर वेळी समाधानने हात लावला की मी चालू व्हायचे आणि रविवारी पुन्हा मुकी.

शेवटी ठाण्याहून केतकीचा, सरांच्या लेकीचा फोन आला. या रविवारी चालू झाली नाही तर गाडी भंगारात द्या आणि इकडेच राहायला या, असं तिने बजावलं. सर बरं म्हणाले. मला भंगाराची भीती नव्हती. सरांना किलवणीला कोण नेणार, याने जीव कासावीस झाला.

शनिवारी समाधानने बॅटरी चार्ज करून लावली. सरांनी सवयीने सीट पुसली, दरवाजा टेकवला, कव्हर घातलं. पण समाधानला चैन पडलं नसावं. रविवारी सर खाली यायच्या आधीच तो आला आणि त्याने कव्हर ओढलं. दिवा जळतच होता.

सर आल्यावर तो म्हणाला, "सर, बॅटरी बराबर आहे. हा दरवाजाच लागत नाही. आतली लाइट चालूच राहते."

सर म्हणाले, "मी तर दर वेळी नीट लावतो. हळू."

"हळू नका लावू ना मंग. जोरात आपटा. जुनी गाडी आहे, तिला तसंच पाहिजे."

सरांनी दरवाजा पूर्ण उघडला. मग त्यांनी तो आपटला. धाडकन! काचा थरथरल्या, आतला दिवा विझला. समाधान खूश होऊन किल्ली मागायला वळला, तर सर डोळे पुसत होते.

"वीस वर्षांत लीलाला एकदाही न टोकता आपटू दिला नाही रे," ते म्हणाले.

मी पहिल्याच किल्लीला चालू झाले. किलवणीला शाळेसमोर सर उतरले, वळसा घालून डावीकडे आले, दरवाजा उघडला. उतरणारं कुणी नव्हतं. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि तो जोरात लावला.

मला यातून एवढंच सांगायचंय. तुमच्या घरी कुणी गाडीचा दरवाजा आपटत असेल, तर आपटू द्या. आम्हाला लागत नाही.