घरची उत्तरपत्रिका

रविवार, १४ मार्च, दुपारी एक वाजून पाच मिनिटे. पाच उत्तरे, अठरा पाने. अण्णांनी कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि तांबड्या पेन्सिलीला टोक काढले.

संविधान कायद्याच्या पेपरात त्यांची मुलगी तिसऱ्यांदा नापास झाली होती. निकालानंतर तोच पेपर तिने घरी, दार लावून, तीन तासांत पुन्हा लिहायचा आणि तंत्रनिकेतनात यंत्ररेखाटन शिकवून निवृत्त झालेल्या अण्णांनी तो नमुना उत्तरांशी ताडून तपासायचा, असा घरचा शिरस्ता होता. चाळीस मिळाले, तरच तिचा थोरला भाऊ, दादा, फेरपरीक्षेचा अर्ज भरी. मागे दोन्ही खेपांना तिला घरी सत्तरच्या वर मिळाले होते. खाली दादाच्या वकिली कचेरीत तिचे टेबल वर्षभर मांडून ठेवलेले होते; पाटीवर नावही रंगवून झाले होते.

"केंद्र सरकार अर्ज घेऊन जिन्यात उभं आहे," ती म्हणाली.

"दादाला नावं ठेवू नकोस."

"नावं कुठे? हुद्दा सांगितला."

हसू दिसू नये म्हणून अण्णांनी चष्मा पुसला. मग दुसरे उत्तर वाचले. समवर्ती सूचीतल्या विषयावर दोन कायद्यांत विसंगती आली, तर केंद्राचा टिकतो. मात्र राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा.

"अपवादही लिहिलास."

"त्याशिवाय उत्तर पुरं होत नाही."

"परीक्षेत लिहिला होतास?"

"नाही."

"आठवला नाही?"

"आठवला होता."

पेन्सिल थांबली.

"मग इथेही चुकायचंस."

"तुमच्यासमोर चुकीचं लिहवत नाही, अण्णा." ती खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडत होती. "रोपवाटिकेतल्या नोकरीचं पत्र आलंय. बुधवारी हजर व्हायचं आहे."

"दादाला सांगितलंस?"

"तीनदा. म्हणतो, आधी पास हो, मग बघू."

जिन्यातून हाक आली, "अण्णा, किती झाले? फॉर्म भरायला घेऊ का?"

"तपासतोय."

बेरीज चौऱ्याहत्तर भरत होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा अर्धा गुण वाढवला नव्हता, की कापला नव्हता. दुसरे आणि चौथे उत्तर बिनचूक होते. दोन्हींना वीसपैकी वीस. त्यांनी पट्टी लावली आणि त्या दोन्ही उत्तरांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. नवी बेरीज दोनदा पडताळली, खाली सही केली आणि कागद जिन्यात नेऊन दिला.

शंभरपैकी चौतीस.